आपले खरकटे, आपला गॅस, आपले खत

(विहाराच्या वर्धापन दिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापन दिनाला वक्त्याने धम्मावर बोलावे, बाबासाहेबांच्या चळवळीवर बोलावे, मुलांच्या शिक्षणावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असते. ती रास्तच आहे. आम्ही आज खरकट्यावर बोलणार आहोत. भाताची पेज, भाजीची देठे, मासळीची डोकी, शिळी भाकरी, चहाचा चोथा. स्वयंपाकघरातून रोज निघणाऱ्या या ओल्या कचऱ्यापासून चुलीला गॅस मिळतो आणि झाडाला खत मिळते. हे कसे होते, त्यात खरे किती आणि फुगवून सांगितलेले किती, आणि आपण बौद्धांनी यात का पडावे, एवढे तीनच मुद्दे आम्ही मांडणार आहोत.

पहिला प्रश्न वडीलधाऱ्यांचा

हा विषय काढला की आपल्यातली जुनी माणसे एकच प्रश्न विचारतात. "बाबासाहेबांनी आम्हाला घाणीतनं बाहेर काढलं, आणि तुम्ही पुन्हा घाणीत हात घालायला सांगता होय?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या प्रश्नाला पिढ्यान् पिढ्यांचे दुखणे आहे. मेलेले ढोर ओढणे, गावाची घाण काढणे आणि त्याच्या बदल्यात पडवीत उभे राहून शिळेपाके मागून आणणे, हे आपल्या आजा-पणज्यांच्या वाट्याला आले होते. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, लोकांचे उष्टे तुकडे घेऊ नका, असे निक्षून सांगितले. लोकांनी ते ऐकले. कित्येकांनी उपास काढले, पण उष्टे घेतले नाही. म्हणून 'उष्टे' हा शब्द आपल्या घरात साधा नाही.

गिरणीतसुद्धा हेच होते. आम्ही गिरणीत काम केलेली माणसे. आमच्या आधीच्या पिढीने सांगितलेले आम्हाला ठाऊक आहे, आणि पुढे पुस्तकांतही वाचले. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खाते आपल्या लोकांना बंद होते. कारण काय, तर धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा दुसरा कसा तोंडाला लावणार! पगार जास्त त्या खात्यात बंदी, पगार कमी त्या खात्यात भरती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही गोष्ट उघडपणे मांडली आणि विणाई खाते सर्वांना खुले करा अशी मागणी केली. विटाळ नुसता मनात नसतो, तो पगाराच्या पाकिटात उतरतो, हे त्यांनी कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर सांगितले.

मग वडीलधाऱ्यांना आमचे उत्तर काय? बाबासाहेबांनी आपल्याला दुसऱ्याची घाण उचलायची नाही असे सांगितले. आपली घाण दुसऱ्याच्या डोक्यावर द्या, असे त्यांनी कधीही सांगितलेले नाही. आज आपण घरातला ओला, सुका, बाळाचा लंगोट, फुटकी काच, सगळे एका पिशवीत कोंबतो, गाठ मारतो आणि दारापुढे ठेवतो. ती गाठ पुढे कोणीतरी सोडते. ती सोडणारी बाई कोणाची असते? मुंबईत, पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांची चौकशी करा. त्यांत बहुतेक दलित समाजाच्या, आणि १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्या घरांतल्या कितीतरी सापडतील. म्हणजे आपण गावकीतून सुटलो, फ्लॅटमध्ये आलो, आणि आपले खरकटे आपल्याच बहिणीच्या हातात दिले. याला सुटका म्हणायचे का?

घाणीचे काम फार पवित्र आहे, ते करणारा थोर आहे, असे गोड बोलून ते एकाच जातीच्या गळ्यात ठेवण्याची युक्ती या देशात जुनी आहे. तिला बाबासाहेब फसले नाहीत, आपणही फसायचे नाही. पण ज्याची घाण त्याने निस्तरावी, हा समतेचा नियम आहे. प्रत्येक घराने आपला ओला कचरा आपल्या दारात जिरवला तर कुणाला दुसऱ्याचे कुजके चिवडावे लागणार नाही.

कचरा जातो कुठे?

आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला असतो. वसई-विरार महापालिका २००९ साली झाली, लोकवस्ती वाढली, इमारती वाढल्या. गेली कित्येक वर्षे या भागाचा कचरा गोखिवऱ्याजवळ भोयदापाड्याला जाऊन पडला आहे. तिकडच्या वस्तीला वास, माश्या, धूर, आणि पावसाळ्यात खाली झिरपणारे काळे पाणी. मुंबईची देवनारची कचराभूमी १९२७ सालची, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्याच वर्षाची. २०१६ च्या जानेवारीत तिला आग लागली, तेव्हा त्या धुराने अर्धी मुंबई खोकत होती. त्या डोंगराच्या पायथ्याशी कोण राहते हे सांगायला नको.

कचऱ्याच्या डोंगराला आग का लागते? तर आत दबलेले अन्न हवेशिवाय कुजते आणि त्यातून मिथेन नावाचा जळाऊ वायू निघतो. हाच मिथेन हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस ते तीस पट पृथ्वी तापवतो. म्हणजे मंडळी, गोष्ट एकच आहे. डोंगरावर सुटला तर आग आणि रोगराई, टाकीत धरला तर चुलीवर चहा. फरक एवढाच, की त्याला वेळेवर आणि घराजवळ धरले का.

गॅस कसा होतो

आता शास्त्र. पोटात अन्न जिरते तसेच टाकीत जिरते. टाकी बंद असते, आत हवा नाही. पहिल्या तऱ्हेचे जिवाणू अन्न फोडून पातळ करतात. दुसरे त्याचे आंबट पदार्थ करतात. तिसरे त्या आंबटापासून मिथेन करतात. जो गॅस निघतो त्यात साधारण निम्मा ते दोनतृतीयांश मिथेन, बाकीचा बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि किंचित कुजक्या अंड्याच्या वासाचा एक वायू असतो. हे जिवाणू गाई-म्हशीच्या पोटात मुळातच असतात, म्हणून टाकी सुरू करताना विरजण म्हणून शेण घालायचे. दह्याला विरजण लागते तसेच. आपल्या कोकणपट्टीची हवा उबदार आहे, तीस-पस्तीस अंशाला हे जिवाणू खुशीत असतात, त्यामुळे आपल्याकडे वेगळी ऊब द्यावी लागत नाही. थंडीत काम थोडे मंद होते एवढेच.

ही विद्या परदेशातून काल आलेली नाही. १८९७ च्या सुमारास मुंबईत माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून निघणारा गॅस धरून वापरला गेला. ज्यांना समाजाने वेशीबाहेर टाकले, त्यांच्या आश्रमात या देशातला हा आरंभीचा प्रयोग झाला, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढे १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या झाकणाचा गोबर गॅस संच बनवला आणि खादी आयोगाने तो गावोगाव नेला. पण त्याला पाच-सहा जनावरांचे शेण लागायचे. ज्याच्या गोठ्यात जनावरे त्याच्या घरात गॅस. भूमिहीनाला त्याचा काय उपयोग?

कोकणात कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली गोपुरी आश्रम काढला. हा माणूस जन्माने ब्राह्मण. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मला द्या म्हणून त्याने उपोषण केले. गोपुरीत त्यांनी संडास, सोनखत, गॅस यांचे प्रयोग स्वतःच्या हाताने केले. त्यांच्या गांधीवादाशी आपले मतभेद आहेत, ते राहोत. पण भाषण न देता झाडू आधी आपल्या हातात घेणारा माणूस म्हणून त्यांची नोंद घ्यावी लागते. पुढे देहूला डॉ. मापुसकर यांनी संडासाला जोडलेल्या गॅस संचाचे काम वर्षानुवर्षे चालवले. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

खरकट्याचा गॅस घरोघरी नेण्याचे मोठे काम पुण्यात झाले. 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी २००३ च्या सुमारास एक साधा विचार केला. शेण म्हणजे जनावराने सत्त्व काढून घेतलेला चोथा. मग जिवाणूंना चोथा का घालायचा? जनावर जे खाते तेच त्यांना द्या. पीठ, भात, कुजकी फळे, खराब धान्य घातले तर थोड्या मालात आणि थोड्या दिवसांत गॅस निघतो. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या दोन टाक्या, एक हजार लिटरची आणि एक साडेसातशेची. मोठीत रबडी, तिच्यात लहान टाकी उपडी. गॅस साठला की वरची टाकी उचलली जाते, वापरला की खाली बसते. गच्चीत, अंगणात, कुठेही बसते. या कामासाठी संस्थेला २००६ साली इंग्लंडचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

दुसरे काम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले. तिथे डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' नावाचा मोठा प्रकल्प तयार केला. त्यात खरकटे आधी यंत्रात दळतात, गरम पाण्यात हवेशीर आंबवतात आणि मग बंद टाकीत सोडतात. कँटीन, इस्पितळ, वसाहत अशा ठिकाणी तो उपयोगी. आणि हा प्रकल्प चालवायला पुढे कोण आले? स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ साली 'परिसर विकास' नावाने कचरा वेचणाऱ्या महिलांचे काम सुरू केले, त्यातल्या बायांनी हे गॅस प्रकल्प चालवायला शिकून घेतले. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, तिने या बायांना ओळखपत्र दिले, हक्क दिला. डोंगरावर चिवडणारी बाई यंत्राची चालक झाली. काम कचऱ्याचेच आहे, पण त्याला मजुरी आहे, हातमोजे आहेत, शिक्षण आहे, संघटना आहे. आम्ही युनियनची माणसे, आम्हाला हा फरक फार मोठा वाटतो.

हिशेब

आता आकड्यांचे बोलू, कारण या धंद्यात फुगवून सांगणारे पुष्कळ आहेत. "टाकी बसवा, सिलिंडर विसरा", असे कोणी म्हटले तर विश्वास ठेवू नका. बुद्धाने कालामांना काय शिकवले? कोणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या. तर पारखू या.

पाच माणसांच्या घरात दिवसाला साधारण किलोभर ओला कचरा निघतो. एक किलोपासून ऐंशी ते शंभर लिटर गॅस मिळतो. घरच्या एका शेगडीला तासाला तीनशे-साडेतीनशे लिटर लागतो. म्हणजे एका घराच्या खरकट्यावर शेगडी जेमतेम पंधरा-वीस मिनिटे जळेल. सकाळ-संध्याकाळचा चहा होईल, डाळ शिजणार नाही. एकट्या घराने टाकी घेणे म्हणूनच फारसे परवडत नाही, निदान गिरणीच्या पेन्शनवर तरी नाही.

पण तीस घरांनी एकत्र यायचे ठरवले तर? रोजचे तीस किलो, म्हणजे अडीच ते तीन हजार लिटर गॅस. एक हजार लिटर बायोगॅसमध्ये सिलिंडरच्या साडेचारशे ग्रॅम गॅसाएवढी उष्णता धरा. रोज सव्वा किलोच्या आसपास, महिन्याला पस्तीस किलोच्या पुढेमागे. आपला घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा. म्हणजे महिन्याला साधारण अडीच सिलिंडर. एका घराला चहा, तीस घरांना एक आख्खे सामुदायिक स्वयंपाकघर. संघ म्हणतात तो यालाच! एकट्याचे बळ चहापुरते, सर्वांचे मिळून जेवणावळीपुरते.

टाकी केवढी हवी तेही सांगतो. तीस किलो खरकट्यात तेवढेच पाणी, म्हणजे रोज साठ लिटर रबडी. ती आत चाळीस दिवस राहायला हवी. साठ चोक चोवीसशे. तेव्हा अडीच हजार लिटरचे पोट, आणि वर गॅस साठायला वेगळी जागा. रोज साठ लिटर आत जाईल तेव्हा जवळपास तेवढीच पातळ स्लरी बाहेर पडेल. तेच खत. त्याची सोय आधी करायची, नाहीतर ती गटारात जाईल आणि शेजारी भांडायला येतील.

करायचे कसे

महिला मंडळासाठी आणि तरुण मुलांसाठी हे नीट सांगतो.

सुरुवातीला शेण आणि पाणी समसमान कालवून टाकी भरायची आणि दोन-तीन आठवडे थांबायचे. पहिला गॅस पेटत नाही, त्यात हवा आणि कार्बन डायऑक्साइड असतो, तो मोकळा सोडून द्यायचा. तिथे काडी ओढायची नाही. पेटायला लागला की पहिल्या आठवड्यात दोन-चार किलो खरकटे, मग हळूहळू वाढवायचे. लहान मुलाला एकदम पुरणपोळी घालत नाही, तसेच.

घालायचे काय? भात, भाकरी, पीठ, आमटी, भाजीची देठे, पिकलेली फळे, केळीची साल चिरून, मासळीची आतडी आणि डोकी ठेचून. घालायचे नाही काय? खेकड्याची आणि कोळंबीची कवचे, हाडे, अंड्याची टरफले, नारळाची शेंडी, आंब्याची कोय. ही लवकर कुजत नाहीत, तळाशी बसतात. लिंबा-संत्र्याची साल आणि कांद्याचा ढीग नको. फिनेल, साबणाचे पाणी, औषधे मुळीच नकोत, जिवाणू मरतात. जेवढे बारीक तेवढे लवकर जिरते, म्हणून दळून किंवा ठेचून घालायचे.

टाकीचेही पोट बिघडते. जास्त घातले की आत आंबट होते, वास सुटतो, ज्योत पिवळी होऊन विझते. औषधाच्या दुकानात लिटमस कागद मिळतो. निळा कागद लाल झाला की चार-आठ दिवस खाणे बंद करायचे आणि थोडी चुन्याची निवळी घालायची. उपास हेच औषध.

गॅस हलक्या दाबाने येतो, म्हणून सिलिंडरच्या शेगडीचे भोक त्याला पुरत नाही, बायोगॅसची शेगडी वेगळी लागते. वास काढायला नळीच्या वाटेत लोखंडाचा कीस ठेवायचा. लेथवर काम केलेल्या कामगारांना तो कुठे मिळतो हे सांगायला नको. नळीत पाणी साचते, ते अधूनमधून काढायचे. गळती बघायची ती साबणाच्या फेसाने, काडेपेटीने कधीही नाही. दोन टाक्यांमधल्या फटीत पाणी उघडे राहते, तिथे डास होतात. त्यावर थोडे तेल सोडायचे. पोरे आत डोकावणार नाहीत असे कुंपण घालायचे.

स्लरी झाडाला तशीच घातली तर मुळे जळतात. एक भाग स्लरी आणि आठ-दहा भाग पाणी, मग बघा भाजीची तरतरी. आपली वसई केळीची, पानवेलीची, फुलांची, भाजीची. इथल्या वाड्या मुंबईला भाजी पुरवत आल्या. वाडीवाल्याला खत विकत आणावे लागते हे आपण जाणतो. ज्याच्या वाडीत आपले आजोबा मजुरीला जात, त्याच वाडीवाल्याला आपण आपल्या विहाराचे खत देऊ, आणि ते बरोबरीने, दाम घेऊन देऊ.

ज्यांना टाकीत पडायचे नाही, चाळीत राहतात, जागा नाही, त्यांनी खत करावे. भोके पाडलेली बादली घ्या. तळाला सुका पाला, वर ओला कचरा, पुन्हा सुका पाला, मूठभर जुने खत किंवा आंबट ताक. दोन दिवसांआड खालीवर करायचे. हवा खेळली तर वास येत नाही. वास आला तर समजा ओल जास्त झाली, आणखी सुका पाला घाला. दीड-दोन महिन्यांत काळे, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाचे खत होते. गांडुळे सोडायची असतील तर सावली हवी, आणि मीठ-तेल-तिखट नको. गांडूळ हा मुका जीव आहे, त्याला आमटी सोसत नाही.

प्रकल्प बंद का पडतात

महाराष्ट्रात गाजावाजा करून सुरू झालेले कितीतरी ओल्या कचऱ्याचे प्रकल्प बंद पडले. फीत कापली, फोटो निघाला, सहा महिन्यांत टाकी गंजली. शास्त्र चुकले नव्हते. कचऱ्यात प्लॅस्टिक आले, चमचे आले, काचा आल्या, यंत्राचे पाते तुटले. शिवाय ठेकेदार कचऱ्याच्या वजनावर पैसे घेणारा, वर्गीकरणावर नव्हे. ओला-सुका वेगळा करावा असे नियम २००० साली झाले, २०१६ साली ते आणखी कडक झाले. पण कायदा आपल्या ओट्यापर्यंत येत नाही. ओट्यावर दोन डबे ठेवायचे की नाही हे घरातले माणूस ठरवते.

आणि घरातले माणूस म्हणजे कोण? इथे आम्ही पुरुषांना उद्देशून बोलतो. आपण सभेत समतेवर टाळ्या घेतो आणि घरी ताट तसेच सोडून उठतो. हे काम बायांच्या डोक्यावर आणखी एक ओझे म्हणून आले तर ते टिकणार नाही, आणि टिकूही नये. आमचे म्हणणे असे आहे, की बाई डब्यात वेगळे करील, पण बादली विहारापर्यंत पुरुषाने आणायची. प्रत्येक घराची पाळी लावायची. इंजिनियर झालेल्या मुलाचीही पाळी, कारकुनाचीही, शिक्षकाचीही. पाळीतून पैसे देऊन सुटका नाही. नाहीतर आपल्यातच एक नवी खालची जात तयार होईल, आणि ती आपणच तयार केलेली असेल.

आपल्या मातीतले दोन दाखले

भन्ते येथे बसले आहेत, चूक असेल तर त्यांनी दुरुस्त करावे. विनयपिटकात आनंदांची कथा आहे. कौशांबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला वाटले, भिक्खू एवढ्या कापडाचे काय करणार, दुकान घालणार काय? त्याने विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे झिजली त्यांना देऊ. झिजलेल्यांची पांघरुणे करू, जुन्या पांघरुणांच्या गादीच्या खोळी, त्यांची जमिनीवरची अंथरुणे, मग पायपुसणी, मग झटकणी, आणि शेवटी त्या चिंध्या मातीत मळून जमीन लिंपू. राजा संतुष्ट झाला. दान मिळालेल्या वस्तूचा शेवटचा धागासुद्धा वाया घालवायचा नाही, ही भिक्खूसंघाची शिस्त. आपल्या विहारात वैशाख पौर्णिमेला, चौदा एप्रिलला भोजनदान होते. किती भात पानात टाकला जातो आणि किती उरलेली खीर गटारात जाते, हे आपण पाहतोच. तो तांदूळ कुणाच्या तरी घामाचे दान आहे.

दुसरा दाखला आपल्या अगदी शेजारचा. सोपाऱ्याला बुरुड राजाच्या कोटात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला आणि त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तिथे मिळाला. नवव्या शिलालेखाचा तुकडा पुढे मिळाला तो भुईगावला, आपल्या निर्मळपासून हाकेच्या अंतरावर, आणि मिळाला १९५६ साली! ज्या वर्षी नागपूरला आपण धम्म घेतला त्याच वर्षी अशोकाने आपल्या गावाच्या शेजारी डोके वर काढले. त्या नवव्या लेखात अशोक काय सांगतो? लोक आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे. खरे मंगल धम्माचे. आणि धम्माचे मंगल म्हणजे काय, तर त्यात पहिली गोष्ट सांगितली आहे दास आणि चाकरांशी नीट वागण्याची. आज आपल्या दारात येणारी कचरा गाडीवरची माणसे, गटारात उतरणारी माणसे, ही आपली चाकरी करणारी माणसे आहेत. हाताने मैला साफ करण्याची प्रथा बंद करणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली पुन्हा झाला, तरी गटारात गुदमरून माणसे मरतातच. राजगृहात रस्ते झाडणारा सुनीत बुद्धाला पाहून भिंतीला चिकटून उभा राहिला, बुद्धाने त्याला जवळ घेऊन संघात घेतले. तो थेर झाला. आपल्या वस्तीतल्या सुनीताला आपण निदान कुजकी पिशवी तरी देऊ नये.

आमचा प्रस्ताव

समितीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. एक, येत्या महिन्यात तीस घरांनी नावे द्यावीत. आधी तीन महिने नुसते दोन डबे, ओला आणि सुका. टाकीला अजून हात लावायचा नाही. जी घरे तीन महिने नीट वेगळे करतील त्यांच्याच भरवशावर टाकी घ्यायची. दोन, टाकी विहाराच्या मागच्या जागेत, गॅस विहाराच्या स्वयंपाकाला, आणि स्लरी पहिल्यांदा वर्गणीदार घरांना, उरलेली वाडीवाल्यांना. जमाखर्च दर पौर्णिमेला फळ्यावर लिहायचा. तीन, पाळीची वही ठेवायची आणि त्या वहीत पहिली नावे समितीच्या पदाधिकाऱ्यांची लिहायची. त्यांच्या आधी आमचे नाव लिहा.

आपल्या गावाचे नाव निर्मळ. मळ नाही ते निर्मळ. मळ उचलून भोयदापाड्याला टाकला म्हणजे गाव निर्मळ होत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या दारात जातो. आपल्या घरचा मळ आपल्या दारात जिरेल, त्याची ज्योत होईल, त्याचे खत होईल, आणि त्यासाठी कोणाही माणसाला खाली वाकावे लागणार नाही, तेव्हा हे नाव खरे होईल. नावे देण्यासाठी वही दाराशी ठेवली आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!